सोळा सर्व्हर, एक पंगत: क्लस्टरमध्ये हायस्पीड नेटवर्क कार्ड बसवताना

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले 'अं' आणि 'ओके' गाळलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

गेल्या वेळी आपण बोललो की सुपरकॉम्प्युटर म्हणजे एकच एक अजस्र यंत्र नसतं, तर खूप सारे सर्व्हर एकत्र बांधलेले असतात. त्याला क्लस्टर म्हणायचं आणि त्यातल्या प्रत्येक सर्व्हरला नोड. त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "बांधलेले म्हणजे कशानं? आपल्या वायफाय राउटरच्या मागे असते तसल्या केबलनं?"

प्रश्न भारी आहे, कारण उत्तर "कधीकधी हो" असं आहे. आणि तसं केलं की काय होतं, हे मी जवळून बघितलंय.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत (नाव नको) १६ नोडचा एक क्लस्टर होता. सर्व्हर चांगले, प्रत्येकात दोन प्रोसेसर, भरपूर मेमरी. पण सगळे एकमेकांना साध्या १ गिगाबिट इथरनेटनं जोडलेले. तिथली एक पीएचडी करणारी मुलगी पावसाचं मॉडेल चालवायची. ४ नोडवर रन लावला तर एक वेळ लागायचा. १६ नोडवर लावला तर त्यापेक्षा जास्त! माणसं चौपट, काम उलट हळू. तिच्या थीसिससाठी मॉन्सूनचे अनेक सीझन चालवून बघायचे होते आणि या वेगानं मुदतीत एखाद-दुसराच झाला असता. एका सीझनवरून निष्कर्ष काढला तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार. मी तिथे सॉफ्टवेअरच्या बाजूनं मदतीला गेले होते, मूळची मी कोडवालीच. पण प्रोग्राम तपासून झाल्यावर स्पष्ट दिसलं की कोडमध्ये काही चूक नाही, नोड एकमेकांची वाट बघत बसलेत. शेवटी संस्थेनं हायस्पीड कार्ड मागवली आणि मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन सर्व्हर रूममध्ये.

वाट बघणं म्हणजे नेमकं काय

पावसाच्या मॉडेलमध्ये नकाशाचे चौकोनी तुकडे करतात आणि एकेक तुकडा एकेका नोडला देतात. आता तुमच्या तुकड्यातला ढग शेजारच्या तुकड्यात जाणारच ना? म्हणून प्रत्येक छोट्या पायरीनंतर सगळे नोड आपापल्या सीमेवरची माहिती शेजाऱ्यांना देतात, त्यांची घेतात आणि मग पुढची पायरी सुरू करतात. एका रनमध्ये अशा हजारो पायऱ्या.

ही थेट आपली पंगत आहे. पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही. १५ जण पाच मिनिटांत जेवले आणि सोळावा रमतगमत जेवतोय, तर पंगत त्या सोळाव्याच्या वेळेनं चालते. क्लस्टरचा वेग हा नोडच्या वेगाची सरासरी नसतो, सगळ्यात हळू असलेल्याचा असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याचीच गंमत आहे.

नेटवर्कचे दोन गुण असतात. एक बँडविड्थ, म्हणजे एका सेकंदात किती माल जातो. दुसरा लेटन्सी, म्हणजे एक छोटासा निरोप पोचायला किती वेळ लागतो. जाहिरातीत पहिलाच आकडा मोठा छापतात. १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. १०० गिगाबिटचं कार्ड म्हणजे सेकंदाला १२.५ गिगाबाइट, सरळ शंभरपट. पण सीमेवरची माहिती छोट्या छोट्या निरोपांत जाते, तिथे लेटन्सी चावते. साध्या इथरनेटवर टीसीपीनं निरोप पाठवला तर दहा-दहा मायक्रोसेकंद सहज जातात. इन्फिनिबँड नावाच्या नेटवर्कवर तेच काम साधारण १ मायक्रोसेकंदाच्या आसपास होतं.

हे कसं जमतं? सोसायटीच्या गेटचा विचार करा. पार्सल आलं की वॉचमन थांबवणार, रजिस्टरमध्ये नोंद, मग इंटरकॉमवर फोन, मग तुम्ही खाली येणार. साध्या नेटवर्कमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम हा तो वॉचमन. प्रत्येक पॅकेटला तो हात लावतो, एका जागेवरून दुसरीकडे कॉपी करतो, प्रोसेसरला कामातून उठवतो. इन्फिनिबँडच्या कार्डात आरडीएमए असतं. म्हणजे एका नोडचं कार्ड दुसऱ्या नोडच्या मेमरीत थेट लिहितं, वॉचमनला न विचारता. अर्थात परवानगी आधीच घेऊन ठेवलेली असते: कुठल्या कपाटात ठेवायचं, चावी कोणती, हे सगळं सुरुवातीलाच ठरतं. त्यानंतर प्रोसेसर आपला ढग मोजत बसतो आणि माल येत-जात राहतो.

थोडा इतिहास, कारण तो मजेशीर आहे

१९९९ मध्ये दोन वेगवेगळे गट सर्व्हरसाठी नवीन जोडणी बनवत होते, ते एकत्र आले आणि इन्फिनिबँड जन्माला आलं. त्याच वर्षी इस्रायलमध्ये मेलानॉक्स ही कंपनी सुरू झाली, आणि पुढे इन्फिनिबँड म्हटलं की मेलानॉक्स असं समीकरण झालं. २०२० मध्ये एनव्हिडियानं ती कंपनी विकत घेतली. सुमारे ७ अब्ज डॉलर मोजले. ग्राफिक्स कार्डवाल्यांना नेटवर्क कार्डवाले कशाला हवे होते, ते आता एआयच्या जमान्यात वेगळं सांगायला नको. मेटानं २०२४ मध्ये आपल्या दोन ट्रेनिंग क्लस्टरची माहिती दिली, प्रत्येकात २४ हजारांहून जास्त जीपीयू, एक इन्फिनिबँडवर आणि दुसरा रोसी प्रकारच्या इथरनेटवर. तिथेही पंगतच आहे, फक्त पानं जास्त.

पण कार्ड बसवण्याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट २००३ ची आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाला सुपरकॉम्प्युटर हवा होता आणि हातात पैसे कमी होते. तिथल्या श्रीनिधी वरदराजन या प्राध्यापकांनी ठरवलं की ॲपलचे पॉवर मॅक जी-५ घ्यायचे. हो, टेबलावर ठेवायचे ते ॲल्युमिनियमचे डबे. असे १,१०० घेतले. प्रत्येक डबा उघडून त्यात इन्फिनिबँडचं कार्ड बसवायचं होतं आणि हे काम केलं कोणी, तर विद्यार्थ्यांनी. मोबदला मुख्यतः पिझ्झा! सगळा खर्च सुमारे ५२ लाख डॉलर, त्या काळच्या मोठ्या यंत्रांच्या मानानं अगदी किरकोळ. नोव्हेंबर २००३ च्या टॉप-५०० यादीत हे यंत्र १०.२८ टेराफ्लॉप्स घेऊन जगात तिसरं आलं.

त्या वेळी मॅकवर इन्फिनिबँडचा ड्रायव्हरही नव्हता, तो मुद्दाम लिहावा लागला. आणि नोडनी एकमेकांशी बोलायची जी एमपीआय लायब्ररी वापरली, ती ओहायो स्टेट विद्यापीठातल्या धबलेश्वर पांडा यांच्या गटाची एमव्हापिच. ती आजही जगभर वापरात आहे. त्या मॅकमध्ये एक उणीव होती, मेमरीतली चूक आपोआप सुधारणारी ईसीसी व्यवस्था नव्हती. म्हणून पुढच्याच वर्षी सगळे डबे काढून त्याजागी ॲपलचे रॅकमधले एक्ससर्व्ह बसवले. म्हणजे १,१०० कार्डांचं काम पुन्हा एकदा! पिझ्झाचं बिल मला माहीत नाही.

आपल्याकडे याची मुळं पुण्यातच आहेत. सी-डॅकचा परम-८००० हा १९९१ चा. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या चिप होत्या, आणि त्या चिपमध्येच शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक होत्या. वेगळं कार्ड बसवायची भानगडच नाही. पुढे सी-डॅकनं परमनेट हे स्वतःचं नेटवर्क बनवलं, ते परम पद्ममध्ये होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र मालिकेतली तीन यंत्रं सुरू झाली, त्यातलं एक पुण्याच्या जीएमआरटीकडे आहे, खोडदच्या दुर्बिणीचा डेटा चाळायला. असो, इतिहासात मी वाहवत जाते. चला आत.

झाकण उघडल्यावर

आमच्याकडची कार्ड होती मेलानॉक्सची कनेक्टएक्स-५, ईडीआर म्हणजे १०० गिगाबिटवाली. स्विच ३६ पोर्टचा.

सगळ्यात आधी नोडवरची कामं संपू द्यायची आणि नवीन येऊ द्यायची नाहीत. स्लर्मसारख्या शेड्युलरमध्ये यासाठी नोडला ड्रेनवर टाकतात. मग शटडाउन, मग पॉवरच्या दोन्ही केबल काढायच्या. दोन्ही! सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, आणि बंद केलेल्या सर्व्हरमध्येही स्टँडबाय वीज चालू असते, तो छोटा दिवा लुकलुकत असतो ना, तो त्याचाच. तो विझेपर्यंत थांबायचं. हातात अर्थिंगचा पट्टा घालायचा. पुण्यात डिसेंबरमध्ये स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तेवढी स्थिर वीज चिप मारायला पुरते. आणि वाईट म्हणजे चिप लगेच मरत नाही, दोन महिन्यांनी अधूनमधून त्रास द्यायला लागते.

कार्ड पिशवीतून काढलं की आधी त्यावरच्या स्टिकरचा मोबाइलनं फोटो. त्यावर जीयूआयडी नावाचा कार्डाचा ओळख क्रमांक असतो. नंतर सगळं बंद करून रॅकमध्ये ढकलल्यावर "नेटवर्कवर हा जो विचित्र नंबर दिसतोय तो कुठल्या डब्यातला?" हे शोधायला हाच फोटो कामाला येतो. फोटोला नोडचं नाव द्या. मी आमच्या ग्रुपवर लगेच टाकायचे.

मग पट्टी. कार्डाबरोबर दोन पट्ट्या येतात, एक उंच, एक बुटकी. १-यू किंवा २-यू सर्व्हरमध्ये बऱ्याचदा बुटकी लागते. दोन स्क्रूचं काम आहे, पण १६ वेळा करायचं म्हटलं की संध्याकाळ होते.

आणि आता स्लॉट. इथे मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो.

कार्ड पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतं. हा स्लॉट म्हणजे लेनचा रस्ता. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये एका लेनमधून सेकंदाला जेमतेम १ गिगाबाइट जातं. १६ लेन असतील तर सुमारे १५.७५ गिगाबाइट. आपल्या कार्डाला हवेत १२.५. म्हणजे आरामात बसतं. ८ लेन असतील तर? सुमारे ७.९. म्हणजे १०० गिगाबिटचं कार्ड, रस्ता फक्त ६३ चा. चाकणच्या कारखान्यातून माल भरून निघालात आणि फाट्यावर एकच लेन चालू, तशी गत.

तुम्ही म्हणाल, मग १६ लेनचा स्लॉट बघून बसवायचं, त्यात काय. अडचण ही की स्लॉटची लांबी आणि आतल्या लेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कित्येक स्लॉट दिसायला पूर्ण लांबीचे असतात, कार्ड त्यात छान बसतं, पण आत तारा आठच लेनच्या. डोळ्यांना काही कळत नाही. मदरबोर्डवर स्लॉटशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नाहीतर सर्व्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला असतो. तो वाचा. खरंच वाचा. सर्व्हरमध्ये रायझर नावाचा आडवा बोर्ड असतो, त्यावर दोन-तीन स्लॉट असतात, आणि एकाच मॉडेलच्या सर्व्हरमध्येही रायझर वेगवेगळे निघू शकतात.

व्हर्जिनिया टेकच्या वेळी हा प्रश्न वेगळ्या रूपात होताच. त्यांच्या मॅकमध्ये जुना पीसीआय-एक्स स्लॉट होता. त्याची क्षमता सेकंदाला सुमारे १ गिगाबाइट, तीही जाण्या-येण्याला मिळून. कार्ड मात्र एकाच वेळी जाताना १ आणि येताना १ द्यायला तयार. कार्ड रस्त्यापेक्षा नेहमी एक पाऊल पुढे, ही जुनी रडकथा आहे. आजही २०० गिगाबिटच्या कार्डाला चौथ्या पिढीचा १६ लेनचा स्लॉट लागतो आणि ४०० वाल्याला पाचव्या पिढीचा. जुन्या सर्व्हरमध्ये नवं कार्ड घालून वेग वाढेल असं समजू नका, पैसे स्लॉटवर अडतील.

अजून एक खुबी. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक स्लॉट कुठल्या तरी एका प्रोसेसरच्या मालकीचा असतो. कार्ड पहिल्याच्या दारात आणि तुमचं काम दुसऱ्यावर चालू असेल, तर प्रत्येक निरोप मधल्या पुलावरून जातो. म्हणून निदान सगळ्या नोडमध्ये कार्ड एकाच जागी तरी असावं.

बसवताना कार्ड दोन्ही टोकांना सारखं दाबायचं. तिरकं जाऊ द्यायचं नाही. शेवटी एक बसका आवाज येतो, तो कानाला कळतो. मग पट्टीचा स्क्रू. आणि रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या, मोकळ्या जागेची झाकणं परत लावायची. ती शोभेची नाहीत. या कार्डावर स्वतःचा पंखा नसतो, नुसता धातूचा हीटसिंक असतो, आणि सर्व्हरच्या पंख्यांची हवा त्यावरून जाईल असा हिशेब असतो. झाकण नसलं की हवा सोप्या वाटेनं पळते आणि कार्ड तापतं.

केबलबद्दल थोडक्यात. काही मीटरपर्यंत तांब्याची, त्यापुढे ऑप्टिकल. टक् आवाज येईपर्यंत आत, काढताना फक्त तिच्या फीतीला धरून ओढायची. करकचून वळवायची नाही, प्लॅस्टिकच्या टायनं आवळायची नाही, वेल्क्रो वापरा. दोन्ही टोकांना लेबल. एका टोकाला लेबल लावणं म्हणजे पत्त्यावर फक्त गाव लिहिणं.

दिवा लागला, पण...

सर्व्हर चालू केला, हिरवा दिवा लागला, आता टाळ्या? थांबा. माझं खरं काम इथे सुरू होतं.

पहिली कमांड एल-एस-पी-सी-आय. ही सांगते की सर्व्हरला कार्ड दिसतंय का. नीट तपशील मागितला तर त्यात दोन ओळी येतात: लिंक कॅपॅबिलिटी, म्हणजे कार्डाची ऐपत, आणि लिंक स्टेटस, म्हणजे प्रत्यक्षात मिळालेलं. दोन्हीकडे १६ लेन आणि सारखाच वेग दिसायला हवा. स्टेटसच्या ओळीत कमी आकडा आणि पुढे 'डाउनग्रेडेड' दिसलं, तर सर्व्हर परत उघडायचा.

दुसरी आयबीस्टॅट. ही माझी लाडकी, कारण दोन शब्दांत आजार सांगते. भौतिक स्थिती 'पोलिंग' असेल तर केबल बघा, समोरून कोणी बोलत नाहीये. भौतिक स्थिती 'लिंकअप' पण वरची स्थिती 'इनिशियलायझिंग' असेल तर केबल ठीक आहे, सबनेट मॅनेजर नाहीये. दोन्ही ठीक असतील तर 'ॲक्टिव्ह'.

सबनेट मॅनेजर काय? इथरनेटमध्ये स्विच आपापलं शिकतो कोण कुठे आहे ते. इन्फिनिबँडमध्ये एक प्रोग्राम सगळं जाळं फिरून बघतो, प्रत्येकाला पत्ता देतो, रस्ते ठरवतो. तो कुठेतरी चालू असलाच पाहिजे. महागड्या स्विचमध्ये तो आतच असतो, स्वस्त स्विचमध्ये नसतो. आमचा दुसऱ्या प्रकारचा. मग ओपनएसएम नावाचा प्रोग्राम दोन नोडवर चालू केला, एक मुख्य, दुसरा राखीव. पहिल्यांदा हे करणारे बरेच जण इथे अडकतात: सगळं बसवलंय, दिवे लागलेत, आणि १६ च्या १६ नोड 'इनिशियलायझिंग'वर. मग केबल बदलत बसतात बिचारे. केबलची काही चूक नसते.

काही कार्ड दुहेरी असतात, इन्फिनिबँड किंवा इथरनेट, दोन्ही होऊ शकतात. डब्यातून इथरनेटच्या अवतारात आली तर सेटिंग बदलून रीस्टार्ट करावं लागतं. फर्मवेअर सगळ्या कार्डांवर एकाच आवृत्तीचं ठेवा. ड्रायव्हर कर्नलशी जुळणारा हवा, नाहीतर एखाद्या रात्री कर्नल आपोआप अपडेट होतो आणि सकाळी कार्ड गायब.

एक गोष्ट मात्र कुठल्याच दिव्यात दिसत नाही. आरडीएमएसाठी मेमरीचा काही भाग जागेवर खिळवून ठेवावा लागतो, आणि लिनक्स साध्या युजरला तशी मेमरी फार थोडी देतं. ती मर्यादा काढावी लागते. तुम्ही नोडवर लॉगिन करून बघता, "अनलिमिटेड" दिसतं, खूश होता. पण शेड्युलरमधून लावलेलं काम तुमच्या लॉगिनमधून येत नाही, शेड्युलरच्या सर्व्हिसमधून येतं, आणि त्या सर्व्हिसची मर्यादा जुनीच असते! मग सेटिंगनुसार काम एक तर एररनं पडतं, नाहीतर एमपीआय गुपचूप साध्या इथरनेटवर घसरते. दुसरं जास्त वाईट. काम चालतं, उत्तर बरोबर येतं, फक्त हळू. लाखोंची कार्ड रॅकमध्ये नुसती ऊब देत बसतात. म्हणून तपासणी नेहमी शेड्युलरमधूनच करा, आणि काम चालू असताना इन्फिनिबँडच्या पोर्टचे काउंटर वाढतायत का ते बघा.

सोळावा माणूस

आमच्याकडे एवढं सगळं झाल्यावर मॉडेलचा रन लावला. पूर्वीपेक्षा बराच जलद, त्या मुलीचा चेहरा खुलला. पण हिशेबानं जेवढा व्हायला हवा तेवढा नव्हता. १२ नोडवर जेवढा वेळ, १६ वर जवळपास तेवढाच.

मग जोड्या-जोड्यांनी चाचणी. आयबी-राइट-बीडब्ल्यू ही कमांड दोन नोडमध्ये किती माल जातो ते मोजते. पहिला नोड कायम ठेवायचा आणि बाकीच्या १५ शी एकेक करून मोजायचं. तेरा नोडनी ९५ च्या पुढे गिगाबिट दिले. दोघांनी साधारण निम्मे. पाच मिनिटांत चोर सापडले.

एकाची लिंक स्टेटस ८ लेन. या नोडचा रायझर बाकीच्यांपेक्षा वेगळा निघाला. तो सर्व्हर मध्यंतरी दुरुस्तीला गेला होता आणि पुरवठादारानं परत देताना दुसराच रायझर बसवला होता, पावतीवर त्याचा उल्लेखही नव्हता. फोनवर उत्तर मिळालं, "मॅडम, स्लॉट तर आहे ना? कार्ड बसतंय ना?" कार्ड बसत होतं, तेच तर दुखणं. दुसऱ्या नोडला लेन पूर्ण होत्या. त्यासाठी आयबी-लिंकइन्फो चालवली, ती जाळ्यातल्या प्रत्येक जोडणीचा वेग दाखवते. ईडीआरमध्ये चार धागे असतात, प्रत्येक २५.७८ गिगाबिटचा. याची जोडणी एक पिढी खालच्या वेगावर स्थिरावली होती, आणि पुढे कमांडनं स्वतःच लिहिलं होतं की यापेक्षा जास्त होऊ शकतं. केबल बदलली, वेग वर आला. दिवा आधीही हिरवाच होता, नंतरही हिरवाच.

रायझर यायला दहा दिवस लागले. तोवर काय करायचं? तो नोड मोठ्या कामांतून बाहेर ठेवला आणि १५ नोडवर मॉडेल चालवलं. १६ पेक्षा १५ वर जलद. तिच्या गाइडना हे पटायला वेळ लागला, मी पंगतीचं उदाहरण दिलं तेव्हा हसले. संध्याकाळी लावलेला रन सकाळच्या चहापर्यंत तयार व्हायला लागला आणि थीसिसमध्ये एकाऐवजी सहा सीझन गेले.

आता कमेंटमध्ये हमखास येणारा प्रश्न आधीच घेते: "आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये हे करावं का?" माझं मत, आधी काम बघा. तुमचं काम जर शंभर स्वतंत्र तुकड्यांचं असेल, म्हणजे शंभर फोटो प्रोसेस करायचेत, ॲनिमेशनच्या फ्रेम रेंडर करायच्यात, एकच प्रोग्राम वेगवेगळ्या आकड्यांवर चालवायचाय, तर नोडना एकमेकांशी बोलायचंच नाही. तिथे इन्फिनिबँड म्हणजे उधळपट्टी. ते पैसे मेमरीत घाला. पंगत असेल तरच कार्ड. आणि घेतलंच, तर कार्ड, केबल, स्विच आणि स्लॉटची पिढी, चारही एकत्र कागदावर लिहून मगच ऑर्डर द्या. नुसत्या कार्डाच्या कोटेशनवर सही करू नका.

त्या क्लस्टरवर आता दर सोमवारी एक छोटी स्क्रिप्ट चालते. सगळ्या नोडच्या लेन मोजते, जोडणीचे वेग बघते, चुकांचे काउंटर वाढलेत का पाहते आणि काही खटकलं तर मेल टाकते. बारा-पंधरा ओळींचं काम आहे. एपिसोडखाली स्क्रिप्ट आणि तिच्या प्रत्येक ओळीचा अर्थ टाकतेय. पुढच्या वेळी रोसीबद्दल, म्हणजे हेच सगळं साध्या इथरनेटच्या तारेवर करायला गेलं की स्विच कसा रुसतो, ते बघू.